80 रोपांपैकी 14 उरली: अनगोळकडच्या ओपन स्पेससाठी पावसाळ्याआधी काय करावं?

अनगोळ_रविवार

नमस्कार मंडळी. बेळगावात अनगोळकडे आमच्या कॉलनीतल्या 14 गुंठ्यांच्या ओपन स्पेसबद्दल सल्ला हवा आहे. लेआउटमध्ये ती जागा गार्डन म्हणून दाखवलेली आहे. जमीन तांबडी, मुरमाड, पूर्वेकडे थोडी उतरती. पश्चिमेच्या कोपऱ्यात बांधकामाचा राडारोडा पसरून वर माती ओढलेली आहे. पावसाळ्यात काँग्रेस गवत कमरेएवढं वाढतं, कुंपणाच्या कडेला घाणेरी माजली आहे. जुनी झाडं पाच: दोन गुलमोहर, एक रेन ट्री, एक करंज आणि एक पिंपळ. पिंपळाला अगदी बुंध्यापर्यंत काँक्रीटचा कट्टा आहे.

मागच्या 5 जूनला इथे 80 रोपं लागली. आता फेब्रुवारीत 14 जिवंत आहेत. रविवारी सकाळी 12 ते 15 माणसं येतात, दीड तास काम करतात. बोअर नाही. शेजारचे विहीरमालक आठवड्यातून एकदा पंपाने पाणी द्यायला तयार आहेत.

रोपं का मेली हे कसं ओळखायचं, पावसाळ्याआधीच्या चार महिन्यांत काय करायचं, आणि काँग्रेस गवताचं काय? काही जण म्हणतात पुन्हा 100 रोपं आणू, जेवढी जगतील तेवढी जगतील.

मुरमाड_माती (खानापूर)

100 आणू नका. आधी मेलेली दहाएक रोपं मुळासकट उपटून बघा, कारण तिथेच दिसेल. मातीचा गोळा अजून पिशवीच्या आकाराचाच असेल आणि मुळं आतल्या आत गोल फिरलेली असतील, तर पिशवी नीट काढली नाही किंवा रोप पिशवीत फार दिवस राहिलेलं होतं. मुळं काळी पडून कुजका वास येत असेल तर जुलैच्या झडीत खड्ड्यात पाणी साचलं. जमिनीलगत साल गोल सोललेली असेल तर वाळवी किंवा गवत कापायचं मशीन. आणि मुळं बाहेर चांगली पसरलेली असून रोप वरून वाळत आलं असेल, तर ते पावसात जगलं होतं, नोव्हेंबरनंतर पाण्यावाचून गेलं. आपल्याकडे सगळ्यात जास्त रोपं या शेवटच्या कारणाने जातात. बेळगावात जूनमध्ये लावलेलं रोप सप्टेंबरपर्यंत कुणीही जगवतो, खरी परीक्षा त्यापुढचे सात महिने असते.

खड्ड्यांचं काम मार्चमध्येच सुरू करा. खणण्याआधी 12 मिलिमीटरची सळई घेऊन जागोजाग ठोकून बघा. फुटाच्या आत अडली तर खाली राडारोडा नाहीतर जांभा. राडारोड्यावर झाड लावायच्या भानगडीत पडू नका. तो कोपरा बसायच्या जागेला, अवजारांच्या पेटीला किंवा पालापाचोळ्याच्या खतासाठी ठेवा. बाकी ठिकाणी 2 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट खोल खड्डा घ्या. वरची वीतभर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. खड्डे एप्रिल-मे उन्हात उघडे राहू देत, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी बरीच कमी होते. मुलं खेळत असतील तर खड्ड्यांवर काट्या टाका.

तळाशी जांभा लागला तर पहारीने तीन-चार ठिकाणी फोडा. मग दोन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी बघा. 24 तासांनीही पाणी उभं असेल तर तो खड्डा म्हणजे परातच, जुलैत रोप त्यात बुडून मरणार. अशा वेळी उताराच्या बाजूने पाण्याला वाट काढा, नाहीतर खड्ड्याची जागा बदला.

भरताना वरची माती दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, आणि खड्ड्यामागे 200 ते 250 ग्रॅम निंबोळी पेंड. खत साधारण 15 ते 20 किलो बसतं. अर्धकच्चं खत घालू नका, हुमणी त्यातूनच येते. मुठीत घेतल्यावर शेणाचा वास न येता मातीचा वास आला पाहिजे. खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरा, पहिल्या पावसात तो खाली बसतो.

5 जूनला लावणी करू नका. तेव्हा वळवाच्या सरींनी वरची माती भिजलेली असते, पण खाली कोरडी. हातभर खणून ओल लागली की मग लावा, ती वेळ बहुतेक जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढा. गोल फिरलेली मुळं कात्रीने छाटा किंवा हाताने मोकळी करा. पिशवीत जिथवर माती होती तिथवरच रोप जमिनीत जावं. खोल पुरलं तर बुंधा कुजतो. आधाराला दोन बांबू, गोळ्याच्या बाहेर ठोकलेले, आणि 8 च्या आकड्यासारखी सैल गाठ. सायकलची जुनी ट्यूब किंवा सुती पट्टी वापरा. प्लास्टिकची सुतळी वर्षभरात सालीत रुतते. आपल्याकडे पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून घाटावरून येतो, म्हणून एकच बांबू असेल तर तो पश्चिमेला.

रोपाभोवती पाण्याचं अळं करताना एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. जुलै-ऑगस्टमध्ये अळ्याला उताराच्या बाजूने खाच हवी, पाणी निघून गेलं पाहिजे. सप्टेंबरअखेर तीच खाच बुजवून अळं अर्धचंद्रासारखं बांधा, म्हणजे परतीचा पाऊस अडतो. त्याच वेळी 8 ते 10 सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल ओली राहते आणि वाळवी चढते.

कागदपत्र (टिळकवाडी)

खड्डे मारण्याआधी जागेचा कागद बघा. बुडाकडून (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) मंजूर लेआउटच्या नकाशाची प्रत काढा आणि ती जागा उद्यान म्हणून दाखवली आहे की सीए साईट म्हणून (सिव्हिक अमेनिटी, म्हणजे नागरी सुविधांसाठी राखलेली), हे नक्की करा. लोकांच्या तोंडी दोन्हीला ओपन स्पेसच म्हणतात. सीए साईट पुढे शाळा, दवाखाना, समाजभवन अशा कामासाठी कुणाला मिळू शकते, मग तुमची झाडं मधोमध. उद्यान म्हणून राखलेल्या जागेला कर्नाटकातल्या उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागांच्या 1985 च्या कायद्याचा आधार आहे. नकाशाची प्रत जोडून महानगरपालिका आयुक्तांच्या नावे कन्नडमध्ये अर्ज द्या, पोच घ्या, वॉर्डाच्या नगरसेवकांना प्रत द्या. अर्जात तुम्ही काय करणार तेवढंच लिहा: साफसफाई, लावणी, पाणी. बांधकाम करणार नाही हे स्पष्ट लिहिलं तर कागद लवकर हलतो. जमिनीखालची पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन कुठून जाते, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

मोठं झाड, अगदी वाळलेलं असलं तरी, स्वतःहून पाडू नका. 1976 च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तारांना लागलेल्या फांद्या हेस्कॉमला (वीज कंपनीला) कळवून, लाईन बंद करूनच काढायच्या.

वनखात्याच्या नर्सरीत रोपं मागायला जाताना कन्नड नावं लिहून न्या, रजिस्टर कन्नडमध्ये असतं. करंज म्हणजे होंगे, जांभूळ नेरळे, बहावा कक्के, उंबर अत्ती, कडुनिंब बेवु, पिंपळ अरळी, ताम्हण होळेदासवाळ. मे महिन्यातच मागणी नोंदवा. पिशवी 8 बाय 12 इंचांची किंवा त्याहून मोठी मागा. छोट्या पिशवीतली दीड फुटाची रोपं शेतात चालतात, पण सार्वजनिक जागेत बकरी, चेंडू आणि गवत यांच्यात ती टिकत नाहीत.

खुरपं_हातात (शहापूर)

दादा, काँग्रेस गवताचं सांगते. कापू नका. कापलं की बुडातून चार फुटवे येतात आणि आठ-दहा दिवसांत बुटक्या झाडालाच फुलं धरतात. ते मुळासकट उपटायचं, पाऊस पडून गेल्यावर, जमीन मऊ असताना, आणि फुलं येण्याआधी. एका झाडापासून हजारोंनी बी पडतं आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल येतं. म्हणून जून ते ऑक्टोबर दर तीन-चार आठवड्यांनी एक फेरी लागतेच. एकदा साफ करून दिवाळीपर्यंत गप्प बसलं की सगळी मेहनत वाया. फूल नसलेलं गवत खताच्या ढिगात टाकायला हरकत नाही. फूल आलेलं मात्र टाकू नका, ते बी खतातून पुन्हा सगळ्या जागेत पसरतं.

रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. ज्यांना दमा किंवा अंगावर पुरळ येण्याचा त्रास आहे त्यांना या कामाला अजिबात घेऊ नका, दुसरं काम द्या. पहिल्या दिवशी काही न होणाऱ्यालाही पुढे ॲलर्जी होऊ शकते.

मिठाचं पाणी फवारायचा सल्ला कुणीतरी देईलच. गवत वाळतं हे खरं, पण मीठ मातीत राहतं आणि तिथे लावलेलं रोप पिवळं पडतं. तणनाशकही मुलं खेळतात तिथे नको. त्याऐवजी टाकळा पेरा. डिसेंबरपर्यंत वाळलेल्या शेंगा रस्त्याकडेला मिळतात, आत्ताही शोधलं तर सापडतील. मेअखेर ते बी जागेवर फेकून पेरायचं. टाकळा आधी उगवून दाट होतो आणि काँग्रेस गवताला जागा सोडत नाही. दोन-तीन वर्षं सलग केलं तर फरक डोळ्यांना दिसतो. आणि पावसाळ्यात त्या गवताची पानं खाणारे मळकट पांढरे, पाठीवर तपकिरी रेघा असलेले छोटे भुंगे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकोतून मुद्दाम आणलेले, 1984 साली बेंगळुरात सोडलेले त्याच कामाचे भुंगे आहेत.

घाणेरी वरून छाटून काही होत नाही. जमिनीखाली तीन-चार बोटं कुदळीने मूळ तोडायचं, कारण फुटवे त्या वरच्या भागातूनच येतात. काढलेलं झुडूप मुळं वर करून पालथं टाका. एकदम सगळी काढू नका, पक्ष्यांची घरटी असतात. पाच-सहा मीटरचा पट्टा काढायचा आणि लगेच तिथे करवंद लावायचं. रिकामी जागा ठेवली तर पुढच्या पावसाळ्यात तिथे काँग्रेस गवत उभं. करवंदाची रोपं दोन ओळींत, दोन-दोन फुटांवर, नागमोडी लावा. तीन वर्षांत बकरीसुद्धा आत शिरत नाही.

काळं_रान (चिकोडी)

वरचं सगळं तांबड्या मातीचं आहे. शहापूर-वडगावकडच्या किंवा आमच्या बाजूच्या काळ्या मातीत हे वाचून कुणी तसंच केलं तर रोपं जातील. काळ्या मातीत खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यात पाण्याची टाकी. तिथे खड्डा दीड फुटाचाच घ्या, भरताना मुरूम मिसळा आणि फूटभर उंचवटा करून त्यावर रोप लावा. मार्चनंतर भेगा पडल्या की मुळं तुटतात, म्हणून भेगा माती-पाचोळ्याने बुजवत राहायचं, आच्छादन दुप्पट घालायचं.

पाण्यासाठी मडकं चांगलं. खानापूरकडची जास्त न भाजलेली, पाझरणारी 6-7 लिटरची मडकी घ्या, रोपापासून वीत-दीड वीत अंतरावर गळ्यापर्यंत पुरा. झाकण हवंच, नाहीतर डास होतात. तांबड्या मातीत ते चार दिवसांच्या आसपास रिकामं होतं. विहिरीचं गढूळ पाणी थेट ओतलं की छिद्रं बुजतात, फडक्यातून गाळून घाला.

अनगोळ_रविवार

मनापासून आभार. आज 12 मेलेली रोपं उपटली. 7 ची मुळं पसरलेली होती, म्हणजे पाण्यावाचून गेली. 3 ना पिशवीचा खालचा भाग तसाच होता, 2 कुजलेली. आता दोन प्रश्न. पाण्याचा हिशोब कसा मांडायचा? आणि मियावाकीचा, म्हणजे अगदी जवळजवळ रोपं लावून दाट जंगल करायच्या पद्धतीचा, आग्रह होतोय, कमी जागेत 300 झाडं म्हणून. शिवाय पिंपळाच्या कट्ट्याचं राहिलं.

मुरमाड_माती (खानापूर)

हिशोब पाण्यापासून उलटा करा, रोपांची संख्या त्यातूनच ठरते. पहिल्या वर्षीच्या रोपाला नोव्हेंबर ते मे आठवड्याला 20 लिटर. हे साधारण 30 आठवडे आहेत. 80 रोपांना आठवड्याला 1600 लिटर, हंगामात 48,000 लिटर. 30 रोपांना आठवड्याला 600, हंगामात 18,000. तुमच्या मनुष्यबळाला आणि आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या पाण्याला 30 झेपतील. 14 उभी आहेत, म्हणजे नवीन 16. जागेच्या मानानेही हे बरोबर बसतं: 14 गुंठे म्हणजे जवळपास 1400 चौरस मीटर, त्यातली निम्मी मुलांना आणि वाटेला सोडली आणि झाडाझाडांत 5 मीटर अंतर ठेवलं तर 28-30 झाडंच मावतात.

मुरमाड जमिनीत 20 लिटर एकदम ओतलं तर निम्मं खाली निघून जातं. रविवारी पंप चालू असताना 10 लिटर द्या आणि 500 लिटरची टाकी भरून ठेवा, बुधवारी किंवा गुरुवारी त्यातून 10. दुसऱ्या वर्षाच्या रोपांना दहा दिवसांनी 30 लिटर पुरतं, आणि ते बुंध्याशी नाही, अळ्याच्या कडेने, म्हणजे मुळं बाहेर धावतात. तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा. मग बंद.

मियावाकी वाईट नाही, पण ते तुमच्या परिस्थितीला धरून नाही. त्यात चौरस मीटरला तीन-चार रोपं लागतात, जमीन मीटरभर खोल उकरून खत-भुसा मिसळावा लागतो आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी नियमित लागतं. एका गुंठ्यातच 300 रोपं होतात. शिवाय आत माणूस शिरत नाही, मुलांची खेळायची जागा जाते. फार इच्छा असेल तर पाण्याची सोय झाल्यावर उत्तरेच्या कडेला अर्धा गुंठा करून बघा.

16 मध्ये काय लावायचं: जांभूळ 3, करंज 3, बहावा 3, ताम्हण 2 उताराच्या खालच्या ओल्या बाजूला, बकुळ 2, कडुनिंब 2, आणि एक उंबर, पण तो भिंत आणि ड्रेनेजपासून 10 मीटर लांब. तारांखाली फक्त पारिजातक, तगर, कढीपत्ता. गुलमोहर पुन्हा नको, वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात, आणि खाली मुलं असतात.

माणसांची वाटणीही झाडावर करा, दिवसावर नको. "या रविवारी कोण येणार" असं विचारलं की सुट्टीत कुणीच नसतं. दोन-दोन घरांना पाच झाडं नेमून द्या, झाडाला नंबर द्या. नंबरचा पत्रा सैल तारेने बांबूला बांधा, बुंध्याला खिळा नको. एक वही ठेवा, त्यात तारीख, नंबर, पाणी दिलं की नाही, एवढंच. मे महिन्यात गावाला जाणाऱ्यांनी आपली पाच झाडं कुणाला सोपवली ते नाव वहीत लिहूनच जायचं.

पारकट्टा (निपाणी)

पिंपळाचा कट्टा पूर्ण फोडू नका, लोक तिथे बसतात. बुंध्याभोवतीचं काँक्रीट मात्र काढा, सगळीकडून किमान एक फूट, जमलं तर मीटरभर. छिन्नी-हातोड्याने हळूहळू. ब्रेकर मशीन लावलं तर खालची मुळं चिरडतात. अंगठ्यापेक्षा जाड मूळ दिसलं की तोडू नका, तेवढं काँक्रीट राहू दे. मोकळ्या झालेल्या जागेत माती आणि पाचोळा टाका, पण बुंध्याची मुळाशी रुंद होत जाणारी जागा उघडी दिसली पाहिजे. पारात माती चढवत नेली की साल आतून कुजते आणि दहा वर्षांनी झाड वाऱ्यात पडतं तेव्हा सगळे वाऱ्याला दोष देतात.

खिळे, तारा, फलकांच्या दोऱ्या पक्कडीने काढा. भोकात सिमेंट भरू नका, झाड स्वतः भरून घेतं. बुंध्याला ऑइल पेंट कधीच नको. रंग द्यायचाच तर चुना आणि गेरू.

गुलमोहराच्या वाळक्या फांद्या मेच्या वळवाआधी उतरवाव्या लागतील. परवानगी घेऊन, अनुभवी माणसाकडून, दोरी बांधून. तीन काप लागतात. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून तिसरा हिस्सा कापायचा, मग त्याच्या थोडं पुढे वरून, म्हणजे फांदी सालीची पट्टी सोलत खाली येत नाही. उरलेला खुंट शेवटी फांदीच्या बुडाशी जे गोल फुगीर वळ असतं त्याच्या बाहेरून काढायचा. वळ कापलं तर जखम भरत नाही. कापावर बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि भांडं प्लास्टिकचं, लोखंडी नको. तेवढं लागणार नाही, त्याच प्रमाणात एक लिटर करा, त्याच दिवशी संपवा.

अनगोळ_रविवार

शेवटचं एक. रेन ट्रीचा पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये ढिगाने पडतो, सफाईवाले कोपऱ्यात जाळतात. आच्छादनाला लागेल तेवढा ठेवून उरलेल्याचं काय करावं?

खुरपं_हातात (शहापूर)

कोंबडीजाळीचे तीन फूट रुंद, चार फूट उंच असे दोन गोल पिंजरे करून तुमच्या राडारोड्याच्या कोपऱ्यात सावलीत ठेवा. फूटभर पाला, त्यावर बादलीभर पाण्यात कालवलेलं दोन-तीन किलो ताजं शेण, वर एक घमेलं बागेचीच माती, असे थर. पाला कोरडा टाकून वरून पाणी मारलं तर आत पोचत नाही, आधी भिजवून मग टाका. महिन्यातून एकदा एका पिंजऱ्यातला दुसऱ्यात उलथायचा, त्यासाठीच दोन. मूठ आवळल्यावर बोटांत ओल जाणवावी, पाणी गळू नये. गळलं तर वास सुटतो, अगदी कोरडं राहिलं तर मुंग्या होतात आणि पाला वर्षभर तसाच राहतो. पावसाळ्यात वर पत्रा नाहीतर ताडपत्री टाका. रेन ट्रीची पानं बारीक असल्यामुळे लवकर कुजतात, पाच-सहा महिन्यांत खत होतं. त्यात पिंपळाची पानं मिसळत असाल तर ती आधी पायाने चुरा. आत्ता फेब्रुवारीत भरलेला पिंजरा सप्टेंबरअखेर रोपांभोवती अळं बांधताना कामाला येईल, रोपाला दोन घमेली या हिशोबाने. सफाईवाल्यांना पाला कुठे टाकायचा ते जागेवर नेऊन दाखवा आणि त्यांच्या मुकादमाला सांगून ठेवा, कारण माणूस बदलला की नवा माणूस पुन्हा कोपऱ्यात काडी लावतो.

अनगोळ_रविवार

जाळी उद्याच आणतो. सळई ठोकायचं काम या रविवारी, नकाशाची प्रत सोमवारी. मार्चमध्ये खड्ड्यात पाणी ओतून बघितल्यावर कुठला खड्डा बदलावा लागला ते इथेच कळवतो.